काचेच्या कपाटातील कथापात्रे

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसली, म्हणजे अष्टागरातील घराघरांत हळदीकुंकवाचे दिवस सुरू होतात आणि ते थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतात. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या नारळी-पोफळीच्या गावांतून दुपार कलली की सुवासिनींची ये-जा सुरू होते. माजघराच्या भिंतीशी डब्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पाट रचून पायऱ्या केलेल्या असतात. त्यांवर धुवट वस्त्रे अंथरून वर गौर मांडतात, आणि खालच्या पायऱ्यांवर कलिंगडाची कोरलेली कमळे, मोगऱ्याचे गजरे, आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे यांच्या जोडीला घरातील सारी खेळणी, बाहुल्या आणि शोभेच्या वस्तू यांची आरास होते. ती पाहताना बाहेरच्या माणसाचे लक्ष पुष्कळदा एकाच गोष्टीकडे जाते. लाकडी ठकी आणि मातीचे वाणी यांच्या शेजारी एखादी वीतभर उंचीची, गोऱ्या तकतकीत अंगाची, चिनी मातीची मुलगी उभी असते. तिच्या पायाशी एक पांढरा पक्षी मान उंचावून तिच्याकडे पाहत असतो. ही कोण, असे घरच्या आजीबाईंना विचारले, तर उत्तर विनाविलंब मिळते: ही दमयंती, आणि हा हंस तिला नळराजाचा निरोप सांगतो आहे.

आता ही दमयंती उचलून तिच्या बैठकीच्या खालची बाजू पाहिली, तर तेथे निळ्या रंगात एखादा ठसा आणि जर्मनी या देशाचे नाव दिसण्याचा पुष्कळ संभव असतो. ज्या कारखान्यात ती घडली, तेथे तिला दमयंती म्हणून कोणी ओळखत नव्हते. तेथे ती हंस राखणारी मुलगी होती. कधी ती नुसती एक खेडवळ पोर असे, तर कधी ग्रिम बंधूंनी १८१५ साली प्रसिद्ध केलेल्या कथेतील राजकन्या असे, जिला दासीने फसविल्यामुळे परक्या राज्यात हंस राखावे लागले. म्हणजे मूर्ती एक आणि कथा दोन झाल्या. यांपैकी खरी कोणती, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु वाङ्मयातील पात्रांच्या जुन्या चिनी मातीच्या मूर्ती गोळा करण्याचा छंद ज्यांना आहे, त्यांच्या दृष्टीने या प्रश्नाच्या उत्तरावरच त्या छंदाचे सारे मोल अवलंबून आहे.

संग्रहाची आवड अनेक प्रकारची असते. कोणी नाणी जमवितो, कोणी टपालाची तिकिटे, कोणी अडकित्ते. या वस्तूंचे मोल त्यांच्या घडणीत, वयात किंवा दुर्मिळतेत असते. कथापात्राच्या मूर्तीचे मोल मात्र निम्मे तिच्या बाहेर असते. ती ज्या कथेतून आली ती कथा पाहणाऱ्याच्या मनात जागी असेल, तरच ती मूर्ती बोलते. कथा विसरली गेली की उरते ती एक बाहुली. म्हणून या छंदात हातातील वस्तूइतकीच कानांवर आलेली माहिती जपावी लागते.

युरोपात या प्रकाराचा उगम चांगला ठाऊक आहे. कठीण, पांढरी आणि अर्धपारदर्शक अशी चिनी माती भाजण्याचे रहस्य शतकानुशतके चीनकडेच होते. सॅक्सनीच्या राजाच्या आश्रयाखाली ब्यॉटगर या किमयागाराने ते हस्तगत केले आणि १७१० साली माइसेन येथे पहिला कारखाना निघाला. १७३१ साली योहान योआखिम केंडलर हा शिल्पकार तेथे आला आणि त्याने ताटवाट्यांच्या या व्यवसायात मनुष्याकृतींचे एक नवे जग उभे केले. इटालियन लोकनाट्यातील विदूषक, फसवे नोकर आणि रुसलेल्या नायिका त्याच्या हातून मातीत उतरल्या. इंग्लंडातील बो आणि डर्बी येथील कारखान्यांनी त्याच शतकात शेक्सपिअरचा स्थूलकाय फॉल्स्टाफ घडविला. डर्बीचा फॉल्स्टाफ तर क्विन नावाच्या नटाने रंगभूमीवर उभ्या केलेल्या भूमिकेच्या छापील चित्रावरून घेतला होता. १८५२ साली ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध होताच स्टॅफर्डशरच्या कुंभारांनी टॉमकाका आणि छोटी इव्हा यांच्या स्वस्त मूर्ती बाजारात आणल्या, आणि ज्या घरांत कादंबरी विकत घेणे परवडत नव्हते, तेथे चुलीवरच्या फळीवर त्या जाऊन बसल्या. पुढे १९२२ साली डोल्टन कंपनीने लेस्ली हॅराडाइन या शिल्पकाराने घडविलेल्या डिकन्सच्या पात्रांची चिमुकली मालिका काढली. मिस्टर पिकविक आणि त्यांची मंडळी अनेक इंग्रजी घरांत वस्तीला आली.

या साऱ्या उदाहरणांत एक क्रम दिसतो. पात्र प्रथम ग्रंथात जन्मते, मग रंगभूमीवर किंवा चित्रात त्याला मुखवटा आणि वेष मिळतो, आणि शेवटी त्या चित्रावरून कुंभार त्याला मातीत आणतो. ग्रंथावरून थेट मूर्ती क्वचितच घडते; मध्ये चित्रकार किंवा नट असतोच. मराठी मुलखात हाच क्रम कसा घडला, हे पाहण्यासारखे आहे.

कालिदासाच्या शकुंतलेचा प्रवास या बाबतीत बोधप्रद आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८९ साली तिचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्यास प्रसिद्ध केले. त्यावरून १७९१ साली गेओर्ग फोर्स्टर यांनी ते जर्मनीत नेले, आणि महाकवी गटे याने तिची मुक्त कंठाने स्तुती केली. इकडे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि शकुंतला मराठी कंठाने गाऊ लागली. त्याच सुमारास राजा रविवर्मा तिला रंगांत आणीत होते. १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणविले. त्या छापखान्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या चित्राचा विषय शकुंतलेचा जन्म हाच होता. काही वर्षांनी छापखाना लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन गृहस्थाच्या मालकीचा झाला. तेथून निघालेली चित्रे घाटावर तशीच घाटाखाली कोकणात पोचली. पायात काटा रुतल्याचे निमित्त करून मागे वळून पाहणारी शकुंतला, हंसाशी बोलणारी दमयंती, वीणा घेतलेली सरस्वती आणि कमळावरील लक्ष्मी हे चेहरे पोथी न वाचणाऱ्यांच्याही ओळखीचे झाले.

या चित्रांचा खप पाहून जर्मन कारखानदारांनी, आणि त्यांच्यामागून जपानी कारखानदारांनी, हिंदुस्थानच्या बाजारासाठी चिनी मातीच्या मूर्ती घडविण्यास आरंभ केला. त्यांत देवदेवतांचाच भरणा अधिक होता. लक्ष्मी, सरस्वती, मुरलीधर आणि यशोदेच्या मांडीवरील बाळकृष्ण यांना ग्राहक हमखास असे. कारागिराने हिंदुस्थान कधी पाहिला नसला, तरी समोर छापील चित्र असे. म्हणून अशा मूर्तींच्या लुगड्याची चुणी आणि मुकुटाची ठेवण रविवर्म्याची, तर गालावरची लाली आणि डोळ्यांची ठेवण युरोपियन किंवा जपानी, असा विलक्षण संकर दिसतो. १९१४ साली महायुद्ध सुरू होताच जर्मन माल येणे बंद झाले आणि ती जागा जपानी मालाने घेतली. शकुंतला पुस्तकरूपाने जर्मनीत गेली, त्याच देशातून तिच्या देशबांधवांच्या मूर्ती पेंढ्यात गुंडाळून मुंबईच्या बंदरात उतराव्यात, यात इतिहासाचा थोडा विनोदच आहे.

मुंबईच्या बंदरापासून कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे १९८१ पासून ज्यास रायगड जिल्हा म्हणतात त्याचा, किनारा दूर नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला बोटी येत. मुंबईत नोकरी करणारा माणूस शिमग्याला किंवा गणपतीला घरी येताना ट्रंकेत काही ना काही शोभेची वस्तू घेऊन येई. चिनी मातीची ओळख या किनाऱ्याला नवीन मुळीच नव्हती. चौल हे प्राचीन बंदर. त्याच्या परिसरात पुरातत्त्वज्ञांना चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले आहेत. चीनची भांडी या किनाऱ्यावर शतकांपूर्वी उतरत होती. फरक इतकाच, की ती श्रीमंतांच्या मेजवानीची भांडी होती, आणि ही बाहुली साध्या गृहस्थाच्या माजघरात आली.

येथे एक शंका सहज उपस्थित होते. ज्या प्रदेशात मूर्ती घडविण्याची कला इतकी जिवंत, तेथे परदेशी बाहुलीची मातब्बरी ती काय? याच जिल्ह्यातील पेण गाव गणपतीच्या मूर्तींसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. अलिबागजवळील सासवणे गावी गणपती घडविणाऱ्या घराण्यात १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर जन्मास आले. देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजीमहाराजांचे चित्र पाहून जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी त्यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पाठविण्याची व्यवस्था केली. १९२८ साली पुण्यास उभारलेला शिवाजीमहाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा त्यांचाच, आणि सासवण्यातील त्यांच्या घरी आजही त्यांच्या शिल्पांचा संग्रह पाहावयास मिळतो. अशा भूमीतल्या माणसाने जर्मन साच्यातील गुळगुळीत बाहुलीवर भाळावे, हे रसिकांस रुचले नाही, आणि स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत तर अशा वस्तूंकडे रोषाने पाहिले गेले. हा रोष निष्कारण होता असे नव्हे. शिल्प म्हणून पाहिले, तर यांतील बहुसंख्य मूर्ती सामान्यच आहेत. साचे झिजलेले, बोटे एकमेकांत मिसळलेली आणि रंग भडक.

परंतु या वस्तूंचा न्याय केवळ शिल्प म्हणून करणे अपुरे होईल. पेणची शाडूची मूर्ती विसर्जनासाठीच घडते. तिचे सार्थक पाण्यात विरघळण्यात असते. चिनी मातीची मूर्ती वर्षानुवर्षे राहते आणि दरवर्षी त्याच पायरीवर येऊन बसते. शिवाय आरास मांडण्याचा अधिकार सर्वस्वी घरातील स्त्रियांचा असे. ज्या काळी खेड्यांत मुलींचे शिक्षण तुरळक होते, त्या काळी कीर्तनात ऐकलेले रघुनाथपंडितांचे नलदमयंतीचे आख्यान किंवा ओवीत गुंफलेली सीता यांना डोळ्यांपुढे उभे करण्याचे हे एक साधन होते. लहान मुलीने विचारावे आणि आजीने सांगावे, असा तो पाठ होता. आराशीच्या पायऱ्या हे त्या घराचे ग्रंथालय होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. युरोपातील हंस राखणारी पोर दमयंती झाली, कोकरू घेतलेली मेंढपाळीण गवळण झाली, पोट सुटलेला हसरा चिनी साधू कुबेर झाला. या चुका म्हणाव्या काय? संग्राहकाने त्यांना चुका म्हणण्याची घाई करू नये. कारखान्याने दिलेले नाव हे मूर्तीचे जन्मनाव. घराने दिलेले नाव हे सासरचे नाव. लेकीच्या बाबतीत दोन्ही नावे खरी असतात, तशी येथेही ती खरीच होत.

आता या मूर्ती ओळखाव्या कशा, हे थोडक्यात पाहू. खरी पोर्सेलिन म्हणजे केओलिन नावाची पांढरी माती, फेल्डस्पार आणि गारगोटी यांचे मिश्रण. त्याचा पातळ रबडा प्लास्टरच्या साच्यात ओततात. प्लास्टर पाणी शोषून घेते आणि साच्याच्या आतील अंगावर मातीचा थर बसतो. हात, डोके, पक्षी असे भाग निरनिराळ्या साच्यांत काढून त्याच रबड्याने जोडतात. भट्टीत सुमारे १३०० ते १४०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि त्या तापात वस्तू आकाराने लक्षात येण्याइतकी आकसते. झिलईवरचे रंग आणि सोनेरी काम मागाहून कमी आंचेवर पक्के करतात. पोकळ मूर्तीच्या तळाशी किंवा पाठीशी एक लहान छिद्र असते. आतील तापलेली हवा बाहेर पडावी म्हणून ते ठेवावे लागते, नाहीतर मूर्ती भट्टीतच फुटेल. नखाने हलकेच टिचकी मारली असता पोर्सेलिन घंटेसारखी वाजते. प्लास्टरची नक्कल किंवा आतून चीर गेलेली मूर्ती बद्द वाजते. उजेडासमोर धरल्यास पातळ कडांतून प्रकाश झिरपतो.

तळाशी असलेला ठसा काळ ठरविण्यास उपयोगी पडतो, मात्र त्यावर आंधळेपणाने विसंबू नये. १८९१ पासून अमेरिकेने आयात मालावर मूळ देशाचे नाव असावे असा दंडक घातला, तेव्हापासून असे नाव घालण्याची रीत सर्वत्र रुळली. म्हणून देशाचे नाव असलेली वस्तू बहुधा त्यानंतरची समजावी. ‘निप्पॉन’ हा शब्द साधारणपणे १९२१ पूर्वीचा, ‘जपान’ त्यानंतरचा. ‘ऑक्युपाइड जपान’ असे शब्द असले, तर ती वस्तू दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतच्या काळातील होय. पूर्व किंवा पश्चिम जर्मनी असा उल्लेख १९४९ नंतरचाच असणार. माइसेनच्या दोन तलवारींची नक्कल इतकी झाली आहे, की त्या ठशाकडे शंकेनेच पाहावे. ठसा मुळीच नसलेल्या मूर्तीही पुष्कळ असतात, आणि तेवढ्यावरून त्यांस टाकाऊ ठरविता येत नाही.

ठशाने कारखाना कळतो. पात्र कळण्यास मात्र वाङ्मयच उपयोगी पडते. हातातील वस्तू, जवळचा पशू किंवा पक्षी, पायांची ठेवण, केसांची रचना या खुणा छापील चित्राशी ताडून पाहाव्या लागतात. उंचावलेले पाऊल आणि मागे वळलेली मान दिसली, तर शकुंतलेच्या चित्राचे स्मरण ठेवावे. वीणेशेजारी मोर असला, तर रविवर्म्याची सरस्वती समोर आणावी. बालकासह गाय दिसली, तर यशोदेचा विचार करावा. निर्णय होत नसेल, तर तसे लिहून ठेवावे. काही मूर्तींना घरच्या स्त्रियांनी जरीची वस्त्रे, मणी आणि टिकल्या चढविलेल्या असतात. नवखा संग्राहक त्या उतरवून मूळ मूर्ती ‘स्वच्छ’ करू पाहतो. हा मोठा प्रमाद होय. ती वस्त्रे मूर्तीच्या चरित्राचाच भाग आहेत, आणि जर्मन साच्यातील मुलगी कोकणातील घरात कशी सामावली याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे.

समुद्रकाठची हवा चिनी मातीला तशी अपायकारक नाही. झिलई शाबूत असेल, तर खारा वारा तिचे काही बिघडवीत नाही. धोका असतो तो जुन्या डागडुजीला. सरस किंवा डिंक लावून सांधलेले हात पावसाळ्यातील दमट हवेत सुटतात. लोखंडी तारेचे टाके गंजून तांबूस डाग पाडतात. घरोघरची आणखी एक सवय घातक आहे. पितळेची भांडी ज्या चिंचेने आणि राखेने घासतात, त्याच हातासरशी बाहुल्याही घासल्या जातात. राखेने सोनेरी रेघा पुसट होतात आणि चिंचेच्या आंबटपणाने झिलईवरचे रंग फिके पडतात. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी आणि किंचित ओल्या सुती फडक्याने पुसावे, एवढे पुरे. मूर्ती उचलताना हात किंवा डोके धरू नये; एक हात बैठकीखाली असावा. वर्षभर पेंढ्यात घालून माळ्यावर ठेवण्याची जुनी रीत वाळवीला आणि बुरशीला आमंत्रण देते. सुती कापडात गुंडाळून, झाकणाच्या पेटीत, जमिनीपासून थोड्या उंचीवर ठेवणे बरे.

या किनाऱ्यावर उंची आणि कौले यांचा भरवसा धरता येत नाही, हे ३ जून २०२० रोजी दिसून आले. त्या दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. कौले उडाली, वाड्यांतील नारळी-पोफळी आडव्या झाल्या, आणि उघड्या पडलेल्या माळ्यांवर पाऊस कोसळला. अशा प्रसंगी माणसांचे आणि धान्याचे रक्षण प्रथम, हे सांगावयास नको. बाहुल्यांच्या पेटीची आठवण कोणास होणार? परंतु वादळाचा तडाखा एका दिवसाचा असतो. त्याहून सावकाश आणि निःशब्द असा एक लोप गेली कित्येक वर्षे चालू आहे. मुंबईहून मांडव्याला जलमार्गाने मोटारीसह येता येऊ लागले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावाशेवा हा सागरी सेतू खुला झाला. किनाऱ्यावरील जमिनींना मागणी आली, आणि जुनी कौलारू घरे पाडून नवे बंगले उभे राहू लागले. घर मोडताना दारे-खिडक्यांना गिऱ्हाईक मिळते, तांब्यापितळेची भांडी तोलून जातात, आणि माळ्यावरील पेटी एकगठ्ठा भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. तेथून ती मुंबईच्या चोरबाजारात पोचली, तर मूर्तीचे प्राण वाचतात. काचेच्या कपाटात तिला जागाही मिळते, किंमतही येते. पण तिच्या गळ्यात जी चिठ्ठी अडकते, तीवर एवढेच लिहिलेले असते: मुलगी आणि हंस, जर्मनी. दमयंती मात्र मोडलेल्या घरातच राहून जाते.

म्हणून खऱ्या संग्राहकाचे पहिले काम खरेदी नव्हे, नोंद हे आहे. मूर्ती कोणत्या गावातील घरात होती, ती कोणी आणि कधी आणल्याचे घरची माणसे सांगतात, आराशीत ती कोणत्या पायरीवर बसे, तिला काय नावाने हाक मारीत, तिच्यासंबंधी कोणती गोष्ट मुलांना सांगत, हे सारे घरच्यांच्या शब्दांत लिहून घ्यावे, आणि मूर्तीचे व तळच्या ठशाचे छायाचित्र त्यास जोडावे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजेच ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे आणि १९७५ साली आपला अवाढव्य संग्रह महाराष्ट्र शासनास अर्पण करणारे गृहस्थ, यांनी दिवे, अडकित्ते, गंजिफा, बाहुल्या अशा घरगुती वस्तूंनाच इतिहासाचे साक्षीदार मानले. त्यांचे संग्रहालय पाहताना ध्यानात येते, की अडगळीत पडलेली वस्तू ओळखणारा डोळा मिळाला, तर तिचे ऐवजात रूपांतर होते. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी दिलेला चिनी आणि जपानी भांड्यांचा संग्रह श्रीमंत आहे; हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात गटेच्या ‘फाउस्ट’मधील मेफिस्टोफिलिस आणि मार्गारेट एकाच लाकडाच्या पुढील व मागील अंगांस कोरलेली पाहावयास मिळतात. हे सारे सरदारी ऐश्वर्य आहे. माजघरातील दमयंतीला अशा दरबारात प्रवेश मिळण्याचा संभव थोडा. तिची नोंद तिच्या शेजारपाजारच्यांनीच ठेवावयास हवी.

आणि घरात ती जपली जात असेल, तर ती तेथून काढूच नये. भाव दुप्पट करून आजीबाईंच्या हातून तिची दमयंती काढून घेणारा संग्राहक आपल्याच संग्रहाचे नुकसान करतो. कारण आराशीतून उठलेल्या मूर्तीचे निम्मे मोल तेथेच संपते. घर मोडत असेल, वारस दूरदेशी असतील आणि पेटी भंगारात जाण्याची वेळ आली असेल, तर मात्र पुढे व्हावे, आणि कथेसह मूर्ती घ्यावी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यात मोडू शकते आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठविता येत नाही, हेही ध्यानात असावे.

डेन्मार्कच्या हान्स अँडरसनने १८४५ साली एक गोष्ट लिहिली. तिच्यातील नायक-नायिका खुद्द चिनी मातीच्याच आहेत: एक मेंढपाळीण आणि एक धुराडी साफ करणारा मुलगा. दोघे टेबलावरून पळून धुराड्यातून वर छपरापर्यंत जातात. परंतु बाहेरचे जग फार मोठे दिसल्याने ती घाबरते, आणि दोघे पुन्हा त्याच टेबलावर परततात. चिनी मातीच्या माणसांना घराबाहेरचे जग मानवत नाही, हे त्या कथाकाराने ओळखले होते.

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी अष्टागरातील आरास उतरते. गौर देव्हाऱ्यात जाते, पाट भिंतीशी उभे राहतात, आणि बाहुल्या एकेक करून फडक्यात गुंडाळल्या जातात. ते काम करणाऱ्या आजीबाईंच्या शेजारी एखादी नात बसलेली असते. तिच्या हाती त्या हंसवाली मूर्ती देतात आणि जपून धर म्हणून बजावतात. मुलगी विचारते, हा पक्षी तिला काय सांगतो आहे? पेटी बंद करण्यापूर्वी त्या प्रश्नाचे उत्तर पुरते देण्याइतका वेळ ज्या घरात काढला जाईल, तेथील दमयंतीला पुढील चैत्रापर्यंत कसलेही भय नाही.